तठे काय शे?

मागच्या दिवाळीत आमच्या पिंपळनेरच्या पोरांच्या ग्रुपवर समुद्रावर जायचं ठरलं. गोवा की मालवण, एवढाच वाद उरला होता. मी मध्येच टाकलं, ‘बोर्डीला जाऊ.’ पाच मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग एकाचं उत्तर आलं, ‘बोर्डी? तठे काय शे भो?’ आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

गाडी गोव्याला गेली. मी आणि माझा मामेभाऊ नवापूरमार्गे बोर्डीला गेलो.

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण फक्त त्या मित्रासाठी नाही. त्याच्यावर माझा फारसा राग नाहीच. तो वर्षातून एकदा दुकानाचं शटर ओढून चार दिवस बाहेर पडतो, त्याचे पैसे वसूल व्हायला हवेत. माझा राग आहे तो ज्यांनी आपल्याला समुद्र म्हणजे काय हे ठरवून दिलं त्यांच्यावर. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर फटफटणारी स्कूटर, संध्याकाळी शॅकमधलं संगीत. यातलं काही नसेल, तर तिथे ‘काही नाही’. आणि जिथे ‘काही नाही’, तिथे उद्या काहीही करता येतं. माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. तिथवर यायला थोडा वेळ लागेल.

आधी आपल्याकडूनच सुरुवात करू. खान्देशला समुद्र नाही, असं आपण शाळेपासून ऐकतो. नकाशावर नाहीच. पण पिंपळनेरच्या पुलाखालून वाहणारी पांझरा साक्री, धुळे करत मुडावदला तापीत मिसळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात. लाटीपाडा धरणाच्या भिंतीवर बसून सेल्फी काढणारा प्रत्येक जण समुद्राकडेच निघालेल्या पाण्याशेजारी बसलेला असतो. (मध्ये उकाई आहे, तिथे बरंचसं पाणी आणि गाळ अडतो, हे मान्य. तरी दिशा तीच.) एकेकाळी सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरूनच जायचा. आजही आपल्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं पोराबाळांसकट ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. म्हणजे आपल्या तालुक्यात समुद्राकडच्या मुलखाची वाट ज्यांना पाठ आहे, ते टुरिस्ट नाहीत. त्यांच्या हातात कोयता असतो आणि त्यांचे रील कुणी बनवत नाही.

आणखी एक गोष्ट. कुडाशी-वारसाकडच्या गावांमधून राहणाऱ्या जमातीचं नावच ‘कोकणा’ आहे. दुर्गादेवीच्या मोठ्या दुष्काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीला, हे लोक ठाण्याकडच्या कोकणातून घाट चढून वर आले, अशी परंपरागत समजूत गॅझेटियरमध्येही नोंदवलेली आहे. इतिहास म्हणून ती किती पक्की, हा वाद अभ्यासकांचा. पण धान्याची देवी कणसरी आपल्याकडच्या कोकणांची आहे आणि डहाणूच्या वारल्यांचीही. शंभर वेळा डोंगऱ्यादेवाचा कार्यक्रम पाहिलेल्या मला हे पहिल्यांदा कळलं ते डहाणूजवळच्या एका पाड्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ‘तुम्ही कुठले?’ मी सांगितलं, धुळ्याकडचे, साक्री तालुका. ते म्हणाले, ‘म्हणजे वरचेच की.’ माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या भूगोलात हे ‘वरचे’ आणि ‘खालचे’ नव्हतंच. त्यात फक्त ‘मागास भाग’ आणि ‘पिकनिक स्पॉट’ होते.

आता बोर्डी. पिंपळनेरहून गोवा सातशे किलोमीटरच्या पुढे. बोर्डी फार तर त्याच्या निम्मं. नवापूरपर्यंत एसटी. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि तिथल्या राज्याच्या सीमेवरच्या बाकड्यावर सगळे फोटो काढतात, तसा आम्हीही काढला. तिथून सुरत, सुरतेहून मुंबईच्या दिशेची पॅसेंजर आणि घोलवडला उतरायचं. गाडीतून उतरल्यावर पहिला वास समुद्राचा येत नाही. चिकूच्या बागांमधल्या ओल्या सावलीचा येतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. मग सुरूचं बन, आणि बनापलीकडे करडी वाळू. ओहोटी असेल तर पाणी इतकं लांब गेलेलं असतं की आधी तुमची फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पाणी गढूळच. वरच्या बाजूला खंबायतचं आखात आहे, तिथला गाळ भरती-ओहोटीबरोबर सतत ढवळला जातो. मामेभावाने पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, ‘आते काय करानं?’

प्रश्न चुकीचा नव्हता. करायला तिथे खरंच फारसं काही नाही. बघायला आहे, आणि त्यासाठी आधी थोडं माहीत असावं लागतं. गोव्यात काही माहीत नसताना मजा येते. इथे माहीत नसेल तर संध्याकाळी सातनंतर तुम्ही खोलीत बसून मोबाईल बघता. माझी तयारी होती, म्हणून मला मजा आली. पण ती तयारी मला कुठल्याही ‘टॉप टेन बीचेस’च्या यादीने करून दिली नव्हती.

बोर्डीच्या उत्तरेला काही किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडली की संजाण. इराणातून आलेले पारशी इथे उतरले, अशी त्यांची परंपरा. त्या आठवणीचा संजाण स्तंभ १९२० सालचा. थोडं पुढे उदवाडा. तिथल्या अग्यारीत ‘इराणशाह’ हा पारशांचा सर्वांत पवित्र अग्नी १७४२ पासून तेवतो आहे. आपल्याला आत प्रवेश नसतो, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या कॅमेऱ्यासाठी उघडी नसते. संजाणवर हल्ला झाला तेव्हा हाच अग्नी बारा वर्षं बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये लपवून ठेवला होता, असं परंपरा सांगते. त्या डोंगरावर आम्ही चढलो. वरून एका बाजूला समुद्राची राखाडी पट्टी, दुसऱ्या बाजूला वारली पाड्यांची कौलं. बारा वर्षं विस्तव विझू न देता डोंगरात राहणारी माणसं डोळ्यांसमोर आणून बघा. मला तरी नीट आणता आली नाहीत. लाकडं कोण आणून देत असेल, एवढाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो चिंचणीने. डहाणूच्या दक्षिणेचं हे किनाऱ्यावरचं गाव. गेल्या शतकात इथे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजांचा काळ. त्या वेळी ‘संयान’ म्हणजे संजाणच्या मंडळाचा कारभार एका अरबाकडे होता. ताम्रपटात त्याच्या जमातीला ‘ताजिक’ म्हटलं आहे आणि त्याचं नाव संस्कृत वळणाने ‘मधुमती’ असं लिहिलं आहे. अभ्यासक त्यात ‘महंमद’ वाचतात. या माणसाने नदीवर फुकट नावा सुरू केल्या आणि संयानमध्ये अन्नछत्र काढलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळायचं, हेही कोरून ठेवलं आहे. आणि ताम्रपट नेमका कशाचा? भगवती देवीच्या एका मठिकेला दिलेल्या दानाचा. एक राष्ट्रकूट सम्राट, त्याचा अरब अधिकारी, देवीचा मठ आणि अकराशे वर्षांपूर्वीचं वरण-भात-तूप. आज आपण सकाळी उठून व्हॉट्सॲपवर एकमेकांना जो इतिहास पाठवतो, त्यात हे बसवून दाखवा.

मी हे तिथल्या ज्या हॉटेलात राहिलो, तिथल्या काउंटरवर बोललो. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे भिंतभर वारली चित्रं मात्र होती, छान फ्रेम केलेली. वारली माणसं स्वयंपाकघरात आणि बागेत होती. गल्ल्यावर एकही नव्हता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकातली, बायकांनी काढायची ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आता ते गोल आणि त्रिकोण चहाच्या कपावर, एअरपोर्टच्या भिंतीवर, शाळेच्या प्रोजेक्टवर सगळीकडे दिसतात. पण याच वारल्यांनी १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात जमून, वेठबिगारी करणार नाही, असं सावकार-जमीनदारांना सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला त्यांच्यावर गोळीबार होऊन पाच माणसं मेली, हे कुठल्याच कपावर नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा. मराठीतच आहे, साहित्य अकादमी मिळालेलं आहे. समुद्रकिनाऱ्यावर न्यायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

त्याच वर्षी, १९४५ मध्ये, बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावर नेऊ, म्हणून अंगणवाडी. शंख-शिंपले, पानं, बिया हीच शिकवण्याची साधनं. आपण ज्या अंगणवाडीत खिचडी खाल्ली, तिच्या मुळाशी कोसबाड आहे. डीएड केलेल्या किती जणांनी ती टेकडी बघितली आहे? माझ्या ओळखीतल्या तिघांना विचारलं. एकानेही नाही.

हे एवढं सगळं असलेल्या पट्ट्याला रील्समध्ये काय म्हणतात? ‘अनएक्सप्लोअर्ड’. ‘हिडन जेम’. ‘व्हर्जिन बीच’. या तिसऱ्या शब्दाबद्दल तर बोलायलाही लाज वाटते, पण म्हणतात. ड्रोन वर जातो, सुरूचं बन दिसतं, रिकामी वाळू दिसते आणि खाली अक्षरं येतात : ‘इथे कुणीच नसतं.’ मी त्या रिकाम्या वाळूवर पहाटे सहाला उभा होतो. जाळी ओढणारे लोक होते. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका रिक्षाची वाट बघत होत्या, आणि त्यातल्या एकीने, ‘व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा,’ म्हणून मला सुनावलं. बरोबर सुनावलं. ड्रोनच्या उंचीवरून ही माणसं ठिपक्यांसारखी दिसतात, आणि एडिटिंगमध्ये ठिपके कापता येतात.

तर हा ‘कमी परिचित’ नावाचा शब्द नीट पारखून घ्या. जागेला तो शब्द लागतच नाही. बोर्डी बोर्डीकरांना परिचित आहे, संजाण अकराशे वर्षांपूर्वी अरबस्तानाला परिचित होतं. अपरिचित आहोत आपण. आपलं अज्ञान आपण त्या गावाच्या नावापुढे विशेषण म्हणून लावतो, आणि वर त्यावर उपकारही करतो, की बघा, आम्ही तुम्हाला शोधलं.

अज्ञान निरुपद्रवी असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. चिंचणीच्या उत्तरेला, वरोरच्या शेजारी वाढवण आहे. खडकाळ किनारा, ओहोटीला उघडे पडणारे कातळ, माशांच्या पैदाशीची जागा. मच्छीमार या समुद्राला ‘गोल्डन बेल्ट’ म्हणतात. या गावांमध्ये आणखी एक धंदा आहे, जो मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हता : डायमेकिंग. दागिने घडवायला लागणारे पोलादी साचे इथे घराघरांतून कोरले जातात. म्हणजे धुळ्याच्या सराफाकडे तुमच्या आईने घेतलेल्या मंगळसूत्राच्या वाटीचा साचाही याच किनाऱ्यावरच्या एखाद्या पडवीत कोरलेला असू शकतो.

डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक आहे, हे केंद्र सरकारनेच जून १९९१ मध्ये अधिसूचना काढून मान्य केलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला अटी घालून ना-हरकत दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी. खर्च ७६ हजार कोटींच्या वर, नऊ कंटेनर टर्मिनल, आणि समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. आपल्या हिशेबात साडेतीन हजार एकरांहून जास्त. एवढी शेतजमीन आपल्या तालुक्यात कुणी मागितली असती, तर मोर्चाला गावं कमी पडली नसती. समुद्रावर सातबारा नसतो, म्हणून तो रिकामा.

सरकारची बाजू आहे, आणि ती खोटी नाही. तिथे समुद्राला नैसर्गिक खोली आहे, मोठी जहाजं लागू शकतात, देशाला असं बंदर हवं आहे, लाखो रोजगार मिळतील. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण एक गोष्ट मी बघितली. मी परत आल्यावर बंदराचा विषय काढला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं : ‘व्हऊ दे ना, तठे काय शे?’ पुन्हा तोच प्रश्न. हेच बंदर कळंगुटच्या किंवा तारकर्लीच्या वाळूवर टाका, मग बघा. महाराष्ट्र पेटून उठेल, कारण तिथे आपण सगळे पाय बुडवून आलो आहोत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तिथे गमावण्यासारखं काही आहे, हे निदान सरकारी कागदावर तरी आहे. आपण जिथे गेलो, तेवढंच आपल्याला गमावण्यासारखं वाटतं. ही फार कोती कसोटी आहे, पण सध्या चालते तीच.

यावर दोन बाजूंनी मला शिव्या पडतील, त्या आधीच घेतो.

एक शिवी आहे पर्यावरणवाल्या मित्रांची : ‘नाव कशाला सांगतोस? उद्या गर्दी येईल, बाटल्या पडतील.’ येईल, पडतील. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांनी आत्ताच त्या रस्त्याची काय अवस्था होते, ते मी बघितलं. पण जागा गुपित ठेवल्याने ती वाचते, हा समज शहरातल्या माणसाचा. गुपित तुमच्यासाठी असतं. ज्यांना भराव टाकायचा असतो, त्यांच्याकडे नकाशा, खोलीचे आकडे, सगळं असतं.

दुसरी शिवी जास्त खरी आहे, आणि ती मला तिथेच पडली. वरोरकडे एका रिक्षावाल्या काकांशी मी बंदराबद्दल फार उत्साहाने बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘तुम्ही दोन दिवस आलात. आमच्यातलाच एक भाऊ विरोधात आहे, दुसरा नोकरीच्या आशेवर आहे. एकाच घरात जेवतात. तुम्ही कुणाच्या बाजूने?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही पूर्ण नाही. एवढंच म्हणू शकतो की मी मालकी सांगायला गेलो नव्हतो, आणि जे तिथे आहे ते ‘काही नाही’ आहे, एवढं मात्र मी आता कुणालाही म्हणू देणार नाही.

कारण हे वाक्य घरचंही आहे. आपल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, शिवाजीनगरला सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प आहे. वीज हवीच, तिला माझा विरोध नाही. पण या पठारांना कागदोपत्री आणि बोलण्यात जे शब्द लावले गेले, ते आठवा : पडीक, माळरान, मोकळी. तिथे गुरं चारणाऱ्याला कुणी विचारलं होतं, की ही जागा मोकळी आहे का? आज आपण त्याच पात्यांखाली उभं राहून प्री-वेडिंगचे फोटो काढतो. भामेरच्या किल्ल्यावर, बळसाण्याच्या जुन्या देवळांकडे आपल्यातले किती जण गेले आहेत? पुण्याचा एखादा ट्रेकर येऊन ‘अनएक्सप्लोअर्ड खान्देश’ नावाचा व्हिडिओ टाकतो, तेव्हा आपण अभिमानाने शेअर करतो. त्या शब्दात आपलाही ठिपका कापला गेला आहे, हे लक्षात येत नाही.

तर जा. बोर्डीला जा, घोलवडला, कोसबाडला, चिंचणीला जा. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा असते, तेव्हा जा. नवापूरमार्गे जा, म्हणजे वाटेत ऊसतोडीच्या टोळ्याही दिसतील आणि त्यात ओळखीचं गाव निघेल. गावातल्या माणसाच्या घरी राहायला मिळालं तर तिथे राहा. वारली चित्र घ्यायचं तर काढणाऱ्याकडून घ्या, त्याचं नाव विचारा, भाव करू नका. बोंबिलाचं कालवण खा. फोटो काढायच्या आधी विचारा. आणि भरती-ओहोटीची वेळ बघून जा, नाहीतर मामेभावासारखं होईल.

गोव्याहून आलेल्या मित्राने परवा माझे फोटो बघायला मागितले. त्याने स्वतःचे चारशे दाखवले होते, मला नाही म्हणता आलं नाही. पहिलाच फोटो ओहोटीचा होता : चिखल, लांबवर दोन होड्या कलंडलेल्या, वर राखाडी आभाळ. त्याने झूम करून बघितला, फोन आडवा केला, पुन्हा उभा केला.

‘पानी कोठे शे?’

‘येतं,’ मी म्हटलं. ‘सहा तास थांबावं लागतं.’